रोसुंदाच्या शेजारची पोरं

नव्वदच्या आसपास स्टॉकहोमलगतच्या सोल्नात वाढलेल्या आम्हा भावंडांना फुटबॉलचा सामना दिसायच्या आधी ऐकू यायचा. रोसुंदा मैदानावर गोल झाला की काचा थरथरायच्या. "खिडकी लावा रे!" म्हणून आई ओरडायची, पण गोल आमच्या एआयके क्लबचा की पाहुण्यांचा, हे आवाजावरून सगळ्यांत आधी तीच ओळखायची.

१९३७ साली उघडलेल्या या मैदानाला धावपट्टी नव्हती, त्यामुळे प्रेक्षक अगदी कडेला. स्वीडनचा राष्ट्रीय संघ तिथंच खेळायचा, एआयकेचं तर ते घरच. सामन्याच्या दिवशी काळ्या-पिवळ्या मफलरींनी रस्ते भरायचे.

वरच्या मजल्यावरचे स्वीडिश आजोबा १९५८चा विश्वचषकाचा अंतिम सामना याच मैदानावर पाहून आलेले. दोन्ही संघ पिवळ्या रंगाचे, म्हणून ब्राझीलनं ऐन वेळी निळे शर्ट मिळवले, हे ते कौतुकानं सांगत. चौथ्याच मिनिटाला स्वीडनच्या लिडहोल्मनं केलेला गोल ते दर वेळी नव्यानं रंगवत. पुढे ब्राझीलनं ५-२ असं हरवलं, सतरा वर्षांच्या पेलेनं दोन गोल केले, हे मात्र एका वाक्यात उरकत.

आमच्या वाट्याला १९९२ आलं. रोसुंदावर युरो स्पर्धेची उपांत्य फेरी, समोर जर्मनी. त्यांच्या हेसलरची फ्री किक, मग रीडलेचा गोल. आमच्या ब्रोलीननं पेनल्टीवर एक फेडला. अखेरच्या मिनिटांत रीडले पुन्हा, लगेच आमचा केनेट अँडरसन. ३-२. हरलो, तरी आम्ही पोरं रात्री उशिरापर्यंत अंगणात ब्रोलीन होऊन पळत होतो. ताईची आठवण वेगळी. १९९५ साली तिथंच नॉर्वेच्या मुलींनी जर्मनीला २-० हरवून विश्वचषक घेतला आणि तिनं बूट मागितले. पुरुष आणि महिला, दोन्ही विश्वचषकांचे अंतिम सामने झालेली मैदानं जगात दोनच. दुसरं अमेरिकेतलं रोज बाउल. गंमत अशी की आमच्या घरात रोसुंदाच्या आठवणी निघतात त्या बहुतेक पराभवांच्याच.

ऑगस्ट २०१२मध्ये राष्ट्रीय संघानं तिथं निरोपाचा सामना खेळला, तोही ब्राझीलशीच. पेले पाहायला आले होते. स्वीडन ०-३ हरलं! नोव्हेंबरात जवळच्याच नव्या फ्रेंड्स अरीनात स्वीडनच्या झ्लाताननं इंग्लंडवर चार गोल मारले, आणि पुढच्या वर्षी रोसुंदा पाडायला घेतलं. त्या जागी आता इमारती आहेत. धाकट्याला तिथं फ्लॅट घ्यायचा होता. किंमत ऐकून त्यानं विषयच बदलला.