अब्बांचा कीबोर्डवाला मोबाइल

२००९ च्या उन्हाळ्यात अब्बांच्या घशाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. स्वरयंत्र काढावं लागलं. जीव वाचला, अल्लाहचा शुक्र. पण घरभर घुमणारा आवाज गेला. आम्ही पाटी-पेन्सिल आणून दिली, तर त्यांनी ती खाटेखाली सरकवली. मी काय पहिलीतला पोर आहे का, हे त्यांच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं.

मग आम्हा चौघा भावंडांना मोबाइल सुचला. घरात होता तो बारा कळांचा. त्यावर ‘सलाम’ लिहायचं तर पहिल्याच अक्षराला सातची कळ चार वेळा दाबायची. अब्बा वैतागून फोन ठेवून देत. तीस वर्षं त्यांनी कचेरीत टायपिस्ट म्हणून काढलेली, इंग्रजी टायपिंगची चाळीसची परीक्षा पास झालेले. कुठलं अक्षर कुठे असतं हे त्यांच्या बोटांना डोळे मिटून ठाऊक. तेव्हा फोन हवा तो पूर्ण कीबोर्डचाच.

ब्लॅकबेरी आमच्या ऐपतीबाहेरचा. नोकियाचा ई ७१ देखणा, स्टीलचा, जेमतेम १० मिलिमीटर जाड, पण तोही महाग. त्याचाच स्वस्तातला भाऊ ई ६३. प्लास्टिकचा, १३ मिलिमीटरचा. जीपीएस नाही, कॅमेरा २ मेगापिक्सेलचा, तोही आपोआप फोकस न करणारा. अब्बांना यातल्या कशाचंच सोयरसुतक नव्हतं. दुकानदाराने एक टचस्क्रीनवालाही पुढे केला. अब्बांनी काचेवर दोनदा टिचकी मारून तो परत दिला आणि ई ६३ उचलून टाइप केलं, ‘कळ खाली गेलेली बोटाला कळली पाहिजे.’ तीन महिन्यांतलं त्यांचं पहिलं पुरं वाक्य. आम्ही तिथेच पैसे मोजले.

वापरून काय वाटलं ते सांगतो. कळा फुगीर आहेत, त्यामुळे शेजारची चुकून दाबली जात नाही. पण सवय व्हायला वेळ लागला. टाइपरायटरवर अंगठ्याला एकच काम, दोन शब्दांत जागा सोडण्याचं. इथे सगळा भार दोन अंगठ्यांवर आणि बाकीची आठ बोटं बेकार. पंधरा दिवस अब्बा स्वतःवरच चिडत होते. स्पेसची कळ दाबून धरली की फोन टॉर्चसारखा उजेड देतो. लोडशेडिंगच्या रात्री ही सोय सगळ्यांत जास्त आम्हीच वापरली.

एसएमएसचं गणितही शिकलो. रोमन अक्षरांत एका मेसेजमध्ये १६० अक्षरं बसतात, देवनागरीत ७०. आमच्या कंपनीचं स्वस्त पॅक सणावारी चालत नसे, म्हणून ईदच्या दिवशी अब्बांचं बोलणं सगळ्यांत महाग! सप्टेंबर २०११ मध्ये ट्रायने दिवसाला शंभर एसएमएसची मर्यादा घातली. जाहिरातींचा उपद्रव थांबवायला होती, पण अब्बा संध्याकाळी हिशेब मांडून बसत, आता किती उरले. नोव्हेंबरात ती दोनशे झाली.

एक गोष्ट मात्र फोन घेताना आमच्या कुणाच्याच डोक्यात आली नाही. कळांवर फक्त इंग्रजी अक्षरं. अब्बा मराठीच लिहीत, पण रोमन लिपीत. अम्मी मराठी वाचते, उर्दू वाचते, इंग्रजी मुळीच नाही. जिच्याशी चाळीस वर्षं बोलले, तिला ते फोन दाखवत आणि ती आम्हाला हाक मारी, “काय म्हणतायत बघ गं.” मग नवरा-बायकोच्या मधलं आम्ही मोठ्याने वाचून दाखवायचं. एकदा धाकटी वाचता वाचता थांबली, लाजली आणि फोन अम्मीच्या हातात देऊन बाहेर गेली. अम्मी कितीतरी वेळ त्या स्क्रीनकडे बघत बसली.

दुसऱ्या दिवशी तिने नातीची एबीसीडीची वही मागून घेतली. दुपारी सगळे झोपले की गिरवायची. आम्ही पाहूनही न पाहिल्यासारखं केलं. चार-पाच महिने गेले. एका संध्याकाळी अब्बा ओट्यावर बसले होते, फोन वाजला. मेसेज आमच्या घरातल्याच जुन्या बारा कळांच्या फोनवरून आला होता. ‘चहा थंड होतोय.’ तीन शब्दांत दोन चुका.

अब्बांनी त्या दुरुस्त करून परत पाठवल्या.