शिवाजी पार्कची फेरी, थोडी चालत थोडी पळत

दादरला पश्चिमेला उतरावं, फुलवाल्या-भाजीवाल्यांच्या गर्दीतून वाट काढत रानडे रोड धरावा आणि सरळ चालत राहावं. पंधरा-वीस मिनिटांत दुकानं मागे पडतात, डोक्यावर मोठाल्या झाडांची सावली येते आणि समोर एकदम मोकळं आकाश दिसतं. हे शिवाजी पार्क. १९२५ साली ते लोकांना खुलं झालं तेव्हा त्याचं नाव माहीम पार्क होतं. दोन वर्षांनी, १९२७ साली, ते बदलून महाराजांचं नाव दिलं गेलं, ते अवंतिकाबाई गोखले या नगरसेविकेच्या आग्रहामुळे. इथे रोज फिरणाऱ्या किती जणींना हे ठाऊक असेल कोण जाणे!

मैदानाला वेढून बसलेला बुटका कट्टा हेच इथलं खरं वैभव. संध्याकाळी तो गप्पांचा, भेळेचा आणि प्रेमिकांचा. पहाटे मात्र तो चालणाऱ्यांचा असतो. साडेपाचला अंधारातच मंडळी येतात. कानटोपी घातलेले आजोबा, साडीवर कॅनव्हासचे बूट चढवलेल्या आजी, नातवाला क्रिकेटच्या सरावाला सोडून फेऱ्या मारणाऱ्या आया. समर्थ व्यायाम मंदिराकडे पोरं मल्लखांबाला तेल चोळत असतात. एक पूर्ण फेरी सव्वा किलोमीटरला जराशी कमी. झपाझप चाललं तर बारा-तेरा मिनिटं लागतात. चार फेऱ्या झाल्या की घरी जाऊन डबे करायला आपण मोकळ्या.

आमच्या वन्सं गेली सहा वर्षं अशा चार फेऱ्या मारतात. वय सत्तावन्न. राहायला तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. सासूबाई मोरीत पाय घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं आणि पुढची अडीच वर्षं त्या अंथरुणातच होत्या. त्यांचं सगळं वन्संनी केलं. त्यामुळे गेल्या वर्षी तपासणीत त्यांचीही हाडं जरा विरळ झालेली दिसली, तेव्हा त्यांच्या पोटात गोळाच आला. डॉक्टरांनी औषध दिलं आणि सांगितलं, चालणं उत्तम आहे, पण हाडाला थोडा दणका बसला की ते अधिक बळकट होतं. गुडघे धड आहेत, रक्तदाब ताब्यात आहे, तर हळूहळू पळून बघायला हरकत नाही.

यातला ‘हळूहळू’ हा शब्द वन्संच्या कानावर पडला असावा, मनात काही उतरला नाही. तिसऱ्याच दिवशी एक कॉलेजातली मुलगी भुर्रकन पुढून गेली आणि यांनी पदर खोचून आख्खी फेरी पळून काढली. दम लागला नाही म्हणून खुशीत होत्या. म्हणाल्या, “वहिनी, मला वाटलं होतं तेवढं अवघड नाही हो हे!” दुसऱ्या दिवशी नडगीच्या आतल्या कडेला जी कळ सुरू झाली, ती तीन आठवडे पुरली. जिना उतरताना कठड्याला धरून उतरत होत्या. सासूबाईंची आठवण काढून एकदा रडल्याही.

आता हे असं का झालं? सहा वर्षं चालून त्यांचं हृदय नि फुप्फुसं तयार झाली होती, म्हणून दम लागला नाही. पण चालताना एक पाय नेहमी जमिनीवर असतो. पळताना क्षणभर दोन्ही पाय हवेत असतात आणि मग सगळा भार एका पायावर उतरतो, तोही वजनाच्या दुप्पट-तिपटीने. मिनिटाला दीडशेच्या वर पावलं पडतात, म्हणजे तेवढे दणके. स्नायू काही आठवड्यांत सरावतात. हाडं आणि पोटरी-टाचेचे बंध यांना महिने लागतात. छाती म्हणते पळ, आणि नडगी म्हणते थांब. अशा वेळी नडगीचं ऐकावं.

पायांचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी नंतर जो क्रम घालून दिला, तो मला फार आवडला, कारण तो कट्ट्याच्या मापाचा आहे. पहिली अर्धी फेरी नुसती चालायची. मग एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं, असं सहा वेळा. शेवटी पुन्हा चालणं. आठवड्यातून तीनच दिवस, तेही एकाआड एक. दोन आठवडे हाच पाठ. काही दुखलं नाही तर पळण्याचं एक मिनिट वाढवायचं, दुखलं तर एक पायरी मागे यायचं. अंतर वाढवलं त्या आठवड्यात वेग वाढवायचा नाही. पळताना शेजारणीशी पूर्ण वाक्यं बोलता आली पाहिजेत. शब्द तुटायला लागले की वेग जास्त झाला. पावलं छोटी, पाय फार पुढे टाकायचा नाही. मनगटावरचं घड्याळ बघायचं नसेल तर झाडं मोजा. वन्सं दिव्याचे खांब मोजतात.

बाकीच्या दिवशी घरीच काम असतं. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत ओट्याला धरून टाचा वर-खाली करा, खुर्चीवरून हात न टेकता दहादा उठा-बसा. यातून पोटऱ्या आणि मांड्या घट्ट होतात, गुडघ्यांवरचा भार हलका होतो. बूट संध्याकाळी घ्यावेत, तेव्हा पाऊल थोडं सुजलेलं असतं. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. स्पोर्ट्स ब्रा चांगल्या बांधणीची घ्या, त्यात काटकसर नको. आणि एक गोष्ट आपण आपापसातसुद्धा बोलत नाही: पळताना, शिंकताना थेंबभर लघवी होणं. बाळंतपणं झालेल्या पुष्कळ जणींना हे होतं. ओटीपोटाखालचे स्नायू आवळण्याचे व्यायाम शिकून घेतले तर बहुतेकींना फरक पडतो. त्यापायी पळणं सोडायचं कारण नाही.

चाळिशी उलटलेली असेल, मधुमेह, रक्तदाब किंवा घरात हृदयविकार असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. छातीत दडपण, जबड्यात किंवा हातात कळ, चक्कर असं काही वाटलं तर तिथेच कट्ट्यावर बसा आणि कुणाला तरी हाक मारा. नडगीवर बोटाने दाबून एकाच ठिकाणी ठणका लागत असेल तर तो अंगावर काढू नका, हाडाला चीर असू शकते.

अमेरिकेतले पळण्याचे मोठे प्रशिक्षक बिल बॉवरमन १९६२ साली न्यूझीलंडला गेले होते. तिथे आर्थर लिडियार्ड यांच्या मंडळींबरोबर पळायला निघाले, तर हृदयविकारातून उठलेल्या एका आजोबांना त्यांच्यासाठी वेग कमी करावा लागला! घरी परतून बॉवरमननी सामान्य लोकांसाठी सावकाश पळण्याचे वर्ग काढले आणि १९६७ साली त्यावर पुस्तकही लिहिलं. म्हणजे चॅम्पियन घडवणाऱ्याला जे शिकावं लागलं, ते आपण शिकायला लाजायचं काय कारण?

पार्कचेही आपले हट्ट आहेत. फूटपाथवर मुळांनी फरशा उचललेल्या असतात, तेव्हा नजर खाली हवी. आतली माती पायाला मऊ, पण लाल धूळ नाकात जाते आणि सीझनचा चेंडू कुठून येईल याचा नेम नाही. ऑक्टोबरात सातनंतर घामाने जीव नकोसा होतो. पावसाळ्यात शेवाळ धरतं, तेव्हा नुसतं चालावं, फार तर घरचा जिना चढावा. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येणाऱ्या जनसागराने मैदान भरून जातं. दसऱ्याला, २६ जानेवारीला आणि सभांच्या दिवशीही सुट्टीच समजायची.

वन्सं आता पाचव्या महिन्यात आहेत. दोन खांब पळत, एक खांब चालत, अशा दोन फेऱ्या त्या करतात आणि उरलेल्या दोन चालत. ती कॉलेजातली मुलगी अजूनही भुर्रकन पुढे जाते. वन्संचं लक्ष मात्र खांबांकडे असतं. फेऱ्या झाल्या की उद्यान गणेशाला हात जोडून, शहाळं पिऊन, आम्ही भाजी घेतो. परवा जिन्यात दोन्ही पिशव्या त्यांनीच उचलल्या. मी म्हटलं, “द्या एक इकडे.” तर म्हणाल्या, “राहू द्या हो वहिनी, तुम्ही किल्ली काढा.”