तेरणेच्या उशाशी

तेरखेड्यात धुळे-सोलापूर महामार्गाच्या कडेनं फटाक्यांच्या पाट्याच पाट्या. दारूकामाला कोरडी हवा मानवते, आणि ती इथं मुबलक. नेमकी याच शिवारात तेरणा उगम पावते. एकाच गावाला दारू वाळायला ऊन हवं आणि प्यायला ओढा वाहता हवा, हे मला भारी वाटलं. फटाक्यांसाठी गाड्या थांबतात; नदीसाठी थांबणारा विरळा.

उन्हाळ्यात तिला नदी म्हणवतही नाही. आपल्याकडं ओढा आटला की पात्रात झिरा खणायचा. हातभर खड्डा, पहिलं गढूळ पाणी उपसून टाकायचं आणि वाट बघत बसायचं. मग तळाची बारीक वाळू हलायला लागते, कडेनं पाणी पाझरतं. तळ न ढवळता वाटी आडवी धरायची, भरली की अलगद उचलायची, घागरीच्या तोंडावर धरलेल्या फडक्यातून ओतायची. एक घागर भरेपर्यंत दोघीजणींची अख्खी भावकी बोलून व्हायची. या पाण्याला चव असते. बाटलीतल्या पाण्याला नुसता गारवा. पुढं हापसे आले, मग बोअर. मुरमात मुरलेलं पाणीच हळूहळू ओढ्याला येत असतं; बोअरनं ते खालच्या खाली ओढलं की आधी झिरा मरतो, मग आड.

बालाघाट डोंगररांगेच्या या माथ्यावर पाऊसही वाटून घेतला जातो. पश्चिम उताराचं पाणी सीनेतून भीमेला, पुढं कृष्णेला. तेरणेचं मांजरेतून गोदावरीला. एवढी फारकत घेऊन दोन्ही पाणी शेवटी आंध्रातून बंगालच्या उपसागरालाच मिळतं. शिवाय धाराशिव शहर आता उजनी धरणाचं, म्हणजे भीमेचं पाणी पितं. ते पंपानं वर चढवावं लागतं.

खाली तेरला मात्र तेरणेनं थाट केला. तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशाच्या टिपणात त्याचं नाव आहे, इथला माल गाड्यांतून भडोचला जायचा. मला त्या व्यापाऱ्यांपेक्षा तेरचे संत गोरोबाकाका कुंभार जवळचे. चिखल तुडवायचा तर आधी पाणी हवं, हे कुंभाराला कोण सांगणार? तिथल्या लामतुरे संग्रहालयात हस्तिदंताची एक इवलीशी बाई आहे. तिच्यासारखीच एक इटलीत, पाँपेईच्या राखेखाली सापडली. तिच्यासाठी तरी तेरला जाच. मे महिन्यात निघालात तर पाणी घरूनच घ्या.