खुनी नदीचा पूल आणि फुरसुंगीचा पोरगा

एसटीत माझ्या पुढच्या बाकावर एक पोरगं ‘फास्टर फेणे’ वाचत बसलं होतं. पांढरकवड्याजवळ खुनी नदीचा पूल आला. त्यानं पाटी वाचली, पानात बोट घालून पुस्तक मिटलं आणि आईला विचारलं, “खून कोणाचा केला होता?” आई म्हणाली, “गुपचूप बस.” ते गुपचूप बसलं, पण पुस्तक काही पुन्हा उघडेना. खाली वाळू होती, दोन म्हशी होत्या, धुणं धुणाऱ्या बाया होत्या. ते एकेकीकडे असं पाहत होतं की प्रत्येकीची जबानी घेऊनच उतरणार.

हा संशय त्याला ‘फास्टर फेणे’ लिहिणाऱ्या भा. रा. भागवतांनी शिकवला. भागवत 1910 साली इंदूरला जन्मले आणि 2001 साली गेले. त्यांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणला, मुलांसाठी ‘बालमित्र’ मासिक चालवलं, बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगही पाहिला. एवढं करून लोकांच्या लक्षात राहिला तो फुरसुंगीचा हाडकुळा बनेश ऊर्फ फास्टर फेणे. पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा, सायकल दामटणारा आणि काही सुचलं की जिभेनं ‘ट्टॉक’ करणारा. वीस पुस्तकं झाली त्याची.

मला ती अद्भुत वाटत. त्यात अद्भुत काय, असं पुण्यातला वाचक विचारेल. राक्षस नाही, जादूची अंगठी नाही, बोलणारा पोपट नाही. पण त्यातलं एखादं पुस्तक पांढरकवड्याजवळच्या आमच्या केळापुरात बसून वाचून पाहा. आमच्याकडे वाघ होता, जंगल होतं, रात्री अंगणात साप निघत. त्याचं कोणाला काय! अद्भुत होतं ते पुणं. तिथला एक शाळकरी पोरगा सायकल काढतो, संध्याकाळी कुठल्या कुठे जातो, मोठी माणसं त्याचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतात आणि घरी आल्यावर त्याला कोणी बदडत नाही. अलिबाबाची गुहा यापुढे फिकी होती. काश्मीर, गुलमर्ग, प्रतापगड ही त्या गोष्टींतली नावं तर सोडाच, मी फुरसुंगीसुद्धा नकाशात शोधत असे.

माझे मामा पांढरकवड्याला एका जिनिंगात मुनीम होते. 1972 साली कापसाची एकाधिकार खरेदी, म्हणजे कापूस सरकारलाच विकायचा, सुरू झाली आणि हंगामात जिनिंगबाहेर बैलगाड्यांची रांग लागू लागली. माझ्या लहानपणी ती थेट सडकेपर्यंत यायची. नंबर लागायला कधी दोन रात्री जात, कधी जास्तही. थंडी मी म्हणत असे, पण शेकोटी पेटवायची सोय नव्हती. कापसाजवळ ठिणगी पडली तर संपलंच. बिडी ओढायचीही गेटाबाहेर जाऊन. झोपावं तर बोरे फोडून कोणी कापूस काढून नेईल ही भीती. जाग्या माणसांनी अंधारात करायचं तरी काय? एका रात्री मी मामांचा डबा घेऊन गेलो होतो आणि वजनकाट्याच्या बल्बाखाली बसून फास्टर फेणे वाचत होतो. एक गाडीवान म्हणाला, “मनातल्या मनात काहून वाचतं बे? मोठ्यानं वाच ना.”

मग रोजचंच झालं. मी काट्याच्या ओट्यावर आणि माणसं गाड्यांच्या जुवावर टेकून, घोंगडी पांघरून. पाटणबोरीकडचा एक म्हातारा मागच्या गाडीवाल्यांना सगळं तेलुगूत सांगायचा. त्यामुळे हसू दोनदा यायचं: आधी पुढून, मग थोड्या वेळानं मागून. भांडणही दोनदा व्हायचं.

ही माणसं साधे श्रोते नव्हती. आदिलाबादला भाव जास्त असला की पैनगंगा ओलांडून रात्रीचा कापूस चोरून पलीकडे जायचा, आणि कोणत्या नाक्यावर कोण कधी डुलक्या घेतं हे त्या रांगेत अनेकांना तोंडपाठ होतं. त्यांनी फास्टर फेणेची कामगिरी जाणकारानं तपासावी तशी तपासली. “सायकलीनं पाठलाग कराचा तर साखळीले आधी तेल टाकाव लागते. कुरकुर ऐकू जाते दुरून.” “हा जो गोडगोड बोलते ना, तोच हाय. मले पयल्याच पानावर समजलं.” मग पैजा लागत. कोणी मोठ्या मिशीवाल्यावर चहा लावी, कोणी गोडबोल्यावर. मामा आत हिशेबाच्या वहीत मान घालून बसलेले, पण मी पान चुकवलं की आतून खाकरत.

एकदा शेवटचं प्रकरण यायचं होतं आणि एका गाडीवानाचा नंबर लागला. त्यानं बैल जुंपता जुंपता ओरडून विचारलं, “पोट्ट्या, चोर कोण ते सांगून टाक, मी चाललो.” बाकीचे अंगावरच आले, “खबरदार सांगशील तर!” तो आत गेला, ग्रेड लागला, मोजमाप झालं, पावती बंडीच्या खिशात घातली, आणि रिकामी गाडी वळवून पुन्हा रांगेशेजारी येऊन उभा राहिला. बैलांना गावाची ओढ लागली होती. याला नव्हती. पुस्तक संपल्यावर त्यानं एवढंच विचारलं, “आता दुसरं कवा?”

ते पुस्तक कोणतं होतं हे मला आज सांगता येणार नाही, आणि चोर कोण निघाला हेही नाही. मला फास्टर फेणेचा एकही चोर आठवत नाही. रहस्यकथा उत्तरासाठी वाचतात हा मोठ्यांचा समज आहे. पोरं ती वाचतात आपल्याला मोठ्यांच्या आधी कळलं या आनंदासाठी, आणि त्या रांगेतली माणसं त्या बाबतीत पोरंच होती.

सत्यजित राय यांचा गुप्तहेर फेलूदा 1965 साली बंगालीत आला आणि पुढे अशोक जैन यांनी तो मराठीत आणला. त्याच्या ‘सोनार केल्ला’ या गोष्टीतला मुकुल गेल्या जन्मीचा सोन्याचा किल्ला आठवतो. अद्भुत आणि रहस्य इतकं गुण्यागोविंदानं एकत्र नांदलेलं मी दुसरीकडे वाचलेलं नाही. तरी माझं मत फेणेलाच. फेलूदा मोठा माणूस, चारमिनार ओढणारा. पोरसवदा तोपशे त्याच्या मागे मागे. फेणेच्या गोष्टीत पोरगंच पुढे असतं. म्हणून 2017 च्या ‘फास्टर फेणे’ सिनेमात त्याला तरुण केला तेव्हा मला करमलं नाही. अमेय वाघचं काम चांगलं होतं, प्रश्न तो नाही. वयात आलेला फास्टर फेणे हा दुसराच कोणीतरी असतो. त्याआधी 1987 मध्ये दूरदर्शनवर सुमीत राघवननं केलेला फेणे मला जवळचा वाटतो, कारण तो खरोखरच पोरगा होता.

आमच्या तालुक्यानं अलीकडे स्वतःचा एक फास्टर फेणे काढला, पण त्याला लेखक मिळाला नाही. टिपेश्वरच्या जंगलात जन्मलेला एक तरुण वाघ, गळ्यात रेडिओ कॉलर घातलेला, 2019 साली घर सोडून निघाला. आदिलाबाद, नांदेड, हिंगोली, वाशिम असं करत शेतांमधून, नाल्यांमधून, महामार्ग ओलांडत तो बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. तेराशे किलोमीटरच्या वर चालला होता. कशाच्या शोधात? वन खात्याचे लोक जोडीदार म्हणतात, हद्द म्हणतात. त्याच्या मागावर एखादं पांढरकवड्याचं पोरगं सायकलवर सोडायला हवं होतं. भागवत असते तर सोडलं असतं.

असं पोरगं तयार व्हायचं तर त्याच्या हाती पुस्तक पडायला हवं. शाळांत पुस्तकं नाहीत असं नाही. कपाटात आहेत, कपाटाला कुलूप आहे आणि पुस्तक फाटेल म्हणून ते पोरांना देत नाहीत. फास्टर फेणे फाटायलाच लिहिला आहे. तेव्हा वाट दुसरी शोधावी. केळापूरच्या जगदंबेला नवरात्रात गर्दी होते, तेलंगणातूनही लोक येतात. बांगड्या, खेळणी, शेव-चिवडा यांच्या दुकानांच्या ओळीत एक दुकान गोष्टींच्या पुस्तकांचं कोणीतरी लावा. पहिलं गिऱ्हाईक मी.