वाटणीच्या यादीत मुलं कुठं?

जेवायला बसताना कोणता विषय काढायचा नाही, हे प्रत्येक घरी ठरलेलं असतं. कुणाकडे शेताची वाटणी, कुणाकडे नणंदेच्या लग्नातलं मानपान. आमच्याकडे काय, तर वेगळा विदर्भ!

आम्ही देऊळगाव राजाचे. बुलढाणा जिल्ह्याच्या अगदी कडेला आमचं गाव. इथून तीसेक किलोमीटरवर जालना, म्हणजे मराठवाडा. माझे सासरे, म्हणजे मामाजी, कट्टर विदर्भवादी. "फाजल अली आयोगानं १९५५ सालीच सांगितलं होतं, विदर्भाचं वेगळं राज्य करा म्हणून. कुणी ऐकलं?" असं म्हणून ते ताट थोडं पुढं सारतात. आमचे हे संयुक्त महाराष्ट्रवाले. "नागपूर आपल्याला तीनशे किलोमीटरच्या वर, संभाजीनगर शंभराच्या आत. आपण कसले नागपूरकर? मुंबईचे हेलपाटे जाऊन नागपूरचे येतील, एवढंच." मग आवाज चढतात, वरण गार होतं, आणि मी न् जाऊबाई मुकाट्यानं पोळ्या वाढत राहतो.

आमचं मत कुणी विचारत नव्हतं. आणि खोटं कशाला सांगू, मला मत नव्हतंच. बी.ए.ला इतिहास घेतलेला, शाळेत तासिकेवर तोच शिकवते, तरीसुद्धा! मला मत आलं ते २०२० च्या सप्टेंबरात, आणि तेही सख्ख्या बहिणीशी भांडून.

त्या वर्षी जाऊबाईंची मुलगी आणि जालन्यात दिलेल्या माझ्या ताईचा मुलगा, दोघंही डॉक्टरकीची प्रवेशपरीक्षा देणार होते. तेव्हा राज्यात वैद्यकीय प्रवेशाला ७०:३० चं सूत्र होतं. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र असे तीन कप्पे. बारावी ज्या विभागातून झाली, तिथल्या ७० टक्के जागा तिथल्या मुलांना. उरलेल्या ३० टक्के साऱ्या राज्याला खुल्या. विदर्भात तेव्हा सहा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं होती, मराठवाड्यात चार. म्हणजे आमची पुतणी सहाच्या कप्प्यात आणि ताईचा मुलगा चारच्या. मध्ये अंतर किती? एसटीनं तासाभराचं!

परीक्षा १३ सप्टेंबरला. त्याच्या आधीच्या आठवड्यात सरकारनं ते सूत्र रद्द केलं. ताईचा हसत फोन आला, "झालं बाई एकदाचं! आमच्या मुलांवर अन्याय होत होता." मी चटकन बोलून गेले, "आणि आता आमच्या मुलांवर झाला तो?" तिकडून क्षणभर शांतता. मग ती म्हणाली, "आमच्या आणि तुमच्या कधीपासून झालं गं?" आणि फोन ठेवला. पुढं दिवाळीला ती आली नाही, मीही भाऊबीजेला माहेरी गेले नाही. एका आईच्या दोघी मुली आम्ही, आणि एका सरकारी कागदानं 'आमची' आणि 'तुमची' झालो.

गंमत म्हणा की दैव म्हणा, त्या वर्षी दोघांनाही डॉक्टरकीला जागा मिळाली नाही. दोघंही पुण्याला गेली. पुतणी शास्त्र शाखेला, भाचा फार्मसीला. पुतणीसाठी खोली बघायला मी सोबत गेले होते. घरमालकीणबाई तशा चांगल्या होत्या, पण पहिला प्रश्न होता, "तुम्ही कुठल्या?" बुलढाणा म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे तिकडच्याच. आधीची मुलगी पण तिकडचीच होती, जालन्याची." मला हसूही आलं आणि भरूनही आलं. ज्या रेषेवरून आम्ही बहिणी चार महिने बोललो नव्हतो, ती रेषा पुण्यातून दिसतसुद्धा नव्हती! खोलीच्या दारातूनच मी ताईला फोन लावला.

परत आल्यावर मी माझी जुनी पुस्तकं काढली. लग्न ठरताना आपल्याकडे याद्या करतात ना, देणंघेणं, मानपान, कोण काय करणार? विदर्भ महाराष्ट्रात यायचा होता, तेव्हाही अशी यादी झाली होती. २८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार. त्यात दरवर्षी नागपूरला विधिमंडळाचं अधिवेशन भरेल हे आहे, ते सगळ्यांना ठाऊक असतं, कारण हिवाळ्यात वर्तमानपत्रं त्यानंच भरलेली असतात. पण त्याच करारात आणखी एक कलम आहे. धंदेशिक्षण आणि शास्त्रीय शिक्षणाच्या संस्थांत प्रत्येक विभागाला लोकसंख्येच्या प्रमाणात प्रवेश मिळेल, असं त्यात लिहिलेलं आहे. म्हणजे एकत्र येताना त्या पुढाऱ्यांना मुलांची आठवण होती. पुढं १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. लग्न झालं, यादी कपाटात गेली, आणि कुणाला किती मिळालं यावरून घरोघरी वाद सुरू झाले. १९८४ साली दांडेकर समितीनं विभागाविभागांचा अनुशेष मोजून दाखवला, त्यात शिक्षणही होतंच.

एकत्र येतानाची यादी अशी, तर वेगळं होतानाची कशी असेल? तेलंगणा २ जून २०१४ ला वेगळा झाला, तेव्हा उच्चशिक्षणातले जुने प्रवेशाचे कोटे दहा वर्षांपर्यंत तसेच चालू राहतील, अशी तरतूद कायद्यातच केली होती. वाटणी झाली तरी मुलांच्या पानात लगेच हात घातला नाही. आता ब्रिटनचं बघा. २०१६ च्या जनमतात सुमारे ५२ टक्के लोक युरोपीय संघातून बाहेर पडा म्हणाले, ४८ टक्के राहा म्हणाले. तिथंही बापलेक जेवणाच्या टेबलावर भांडले असतील. ३१ जानेवारी २०२० ला तो देश बाहेर पडला आणि २०२१ च्या ऑगस्टपासून इंग्लंडात नव्यानं शिकायला येणाऱ्या बहुतेक युरोपीय मुलांना घरच्या मुलांची फी बंद झाली. काल घरची होती, आज पाहुणी. आणि पाहुण्यांचं बिल मोठं!

तर एका रविवारी पुन्हा तोच वाद रंगला. मी हातातली वाटी खाली ठेवली आणि म्हटलं, "मामाजी, एक विचारू? विदर्भ वेगळा झाला तर आपली सोनू पुण्याच्या कॉलेजात घरची धरतील की परराज्यातली?" मामाजी गप्प. आमचे हे खुशीत हसले. मग त्यांच्याकडे वळले, "आणि तुम्ही सांगा, एकत्र राहून सोनूला पुण्याला जावंच लागू नये, असं इथं काय आहे?" तेही गप्प. त्या दिवशी वरण गरम असतानाच जेवणं झाली!

दुसऱ्या दिवशी चहा घेताना मामाजी म्हणाले, "पोरी, तुझा प्रश्न बरोबर होता. मी वेगळा विदर्भ मागतो तो तरी कशासाठी? पोरं घरी राहावीत म्हणूनच ना?" एवढी वर्षं ते आयोग आणि करार सांगत होते. हे साधं वाक्य त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं.

मी कुठल्या बाजूची, असं विचाराल तर अजून पक्कं सांगता येत नाही. पण एवढं समजलंय, की वेगळं व्हा म्हणणाऱ्याला आणि एकत्र राहा म्हणणाऱ्याला आपण बायकांनी एकच प्रश्न विचारायचा: वाटणीच्या यादीत मुलांचं पान कुठं आहे? भांडीकुंडी, धरणं, कोळसा, राजधानी, सगळं यादीत असतं. मुलांचा प्रवेश आपणच लिहायला लावायचा. आणि घरातलं म्हणाल तर अधिवास प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका एका पिशवीत नीट ठेवा. रेषा कुठंही पडो, खिडकीवर तेच मागतात.

९ ऑक्टोबर २०२४ ला राज्यात दहा नव्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्‌घाटन झालं. त्यात बुलढाणा होतं आणि जालनाही, दोन्ही एकाच दिवशी. संध्याकाळी ताईचा फोन आला. आमची दोन्ही मुलं तर केव्हाच पुण्याला गेलेली. "आपल्याला उशीर झाला गं," ती म्हणाली.

'आपल्याला' म्हणाली. मी तेवढंच ऐकलं.