खऱ्या शिक्क्याची जुनी सनद

उपकरण विजेच्या मीटरचे असो, मोटारीच्या ब्रेकचे असो की खेळाचे असो, निर्मात्याची डिजिटल स्वाक्षरी तपासल्यावाचून त्यात नवे फर्मवेअर चालू द्यावयाचे नाही, हा दंडक आता पुष्कळ ठिकाणी रूढ झाला आहे; परंतु या व्यवसायात आयुष्याचा मोठा भाग व्यतीत केल्यानंतर मला आग्रहाने सांगावेसे वाटते ते हे की, स्वाक्षरी उगमाची ग्वाही देते, कालाची देत नाही. ज्या आवृत्तीतील दोष उघडकीस येऊन दुरुस्तही झाला, ती सदोष आवृत्ती निर्मात्याच्याच किल्लीने स्वाक्षरित झालेली असते, आणि रद्दबातल सनदेवरचा शिक्का जसा खराच असतो, तशी ती स्वाक्षरीही रुजुवातीस पुरी उतरते. हल्लेखोराला नवे छिद्र शोधावेच लागत नाही. जुनी आवृत्ती परत बसविली की त्याचे काम झाले.

म्हणून यंत्राच्या ठायी मागे न फिरणारी स्मृती हवी. ती साध्या फ्लॅशमध्ये ठेवून भागत नाही, कारण चिप उकलून आधी घेतलेली नक्कल तीवर पुन्हा लिहिता येते. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० या खेळयंत्रामध्ये प्रोसेसरच्याच पोटात ७६८ सूक्ष्म फ्यूज होते. जळलेला फ्यूज पूर्ववत होत नाही, आणि नव्या आवृत्तीबरोबर फ्यूज जाळून परतीची वाट बंद करण्याची योजना होती. ४५३२ व ४५४८ या आवृत्त्यांच्या हायपरवायझरमधील, म्हणजे इतर सर्व प्रोग्रामांवर पहारा ठेवणाऱ्या गाभ्यातील, गंभीर दोष जानेवारी २००७ मध्ये दुरुस्त झाला. तथापि जळलेल्या फ्यूजांच्या संख्येशी आवृत्तीचा मेळ घालणारा, त्या त्या यंत्राच्या गुप्त किल्लीने काढलेला १६ बाइटांचा हॅश पडताळताना, पहिला चुकीचा बाइट भेटताच तुलना थांबत असे. थांबण्यास लागलेला काळ मोजला की किती बाइट बरोबर आले ते कळे, आणि जे काम विश्वाच्या अंतापर्यंत पुरे झाले नसते ते फार तर ४०९६ प्रयत्नांत उरके. अशा रीतीने २००५ सालच्या मूळ १८८८ आवृत्तीवर, व तेथून सदोष आवृत्तीवर, यंत्र परत नेता आले. फ्यूज अभंग राहिले. दगा दिला तो तुलनेच्या चार ओळींनी, आणि अशी तुलना सर्व बाइट तपासूनच संपली पाहिजे, हे मी प्रत्येक नवशिक्याकडून घोटून घेतो.

फ्यूज मोजकेच असतात. त्यामुळे सुरक्षेचा आवृत्तिक्रमांक नेहमीच्या क्रमांकाहून निराळा ठेवावा, आणि तो केवळ सुरक्षेचा दोष मिटला तरच वाढवावा. मेनूची मांडणी बदलली म्हणून फ्यूज खर्ची घालणे मला अक्षम्य वाटते. वेळेचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. नवी आवृत्ती लिहिताच घाईने फ्यूज जाळला आणि ती सुरूच झाली नाही, तर जुनी प्रत शेजारच्या कप्प्यात शाबूत असूनही तिला परवानगी उरत नाही, व ग्राहकाच्या हाती निर्जीव खोके येते. नव्या आवृत्तीने स्वतः बूट होऊन, आपल्या चाचण्या पुऱ्या करून, मग फ्यूज जाळण्याची मंजुरी द्यावी. तोवर जुनीचा अंमल चालू ठेवावा.