अम्मीचं नाव

२०२३ मध्ये नवभारत साक्षरता कार्यक्रमाच्या सर्वेक्षणासाठी आम्ही शिक्षक घरोघर फिरत होतो. पंधरा वर्षांवरील ज्यांना लिहिता-वाचता येत नाही, त्यांची नावं यादीत घ्यायची होती. सांगलीतल्या आमच्या मोहल्ल्यातल्या कितीतरी खाला, फुफी, आज्या मी लिहून घेतल्या. एक नाव मात्र लिहिलं नाही. माझ्या अम्मीचं.

बी.एड. होऊन मला वीस वर्षं झाली. शाळेत दरवर्षी 'इक्रा', म्हणजे 'वाच', या शब्दावर भाषण करणारी मी. स्वतःच्या आईचं नाव निरक्षरांच्या यादीत कसं घालू? मग मीच मनाची समजूत घातली. अम्मी रोज कुरआन वाचते, ती कुठे निरक्षर? आणि आता बासष्टाव्या वर्षी तिला त्रास कशाला द्यायचा?

रात्री यादी तपासत बसले होते. अम्मीनं विचारलं, "मेरा नाम लिखी क्या?"

मी गप्प. ती एवढंच म्हणाली, "सारे मोहल्ले को पढाती तू, मैंच रह गई."

दुसऱ्या दिवशी तिचं नाव लिहिलं. मला वाटलं, ती उर्दू घेईल, अक्षरं ओळखीची आहेत. तिनं मराठी मागितली. कारण साधं होतं. एस.टी.ची पाटी मराठीत असते. तासगावला बहिणीकडे जायचं तर तिला प्रत्येक वेळी कुणाला तरी विचारावं लागे. एकदा एका मुलानं घाईत चुकीची गाडी दाखवली आणि ती आष्ट्याला जाऊन उतरली. तेव्हापासून आम्हीच तिला एकटीला पाठवत नव्हतो.

पहिल्या दिवशी तिनं वही उलट्या बाजूनं उघडली आणि उजवीकडून लिहायला लागली. आम्ही दोघी खूप हसलो. ट, ड, प, च, ग ही अक्षरं अरबीत नाहीतच, ती तिला नव्यानं शिकावी लागली. पण आठवड्याभरात तिनं मलाच एक गोष्ट शिकवली. म्हणाली, "वेलांटी म्हणजे जेर, उकार म्हणजे पेश." खरंच की! कुरआनात जेर-जबर लिहिलेले असतात, उर्दू वर्तमानपत्रात बहुधा नसतात. म्हणून अरबी घडाघडा वाचणाऱ्या कितीतरी बाया उर्दूला अडखळतात. मराठीत काना-मात्रा सगळं डोळ्यांसमोर असतं. दोन्ही भाषा शिकवूनही हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

१७ मार्च २०२४ ला परीक्षा झाली. रविवार, सहावा रोजा. वाचन, लेखन आणि संख्याज्ञान मिळून दीडशे गुणांचा पेपर. मी म्हटलं, "रोजा आहे, ऊन आहे, पुढच्या वेळी दे." तिनं ऐकलं नाही. ओढणी नीट केली, पेन दोनदा तपासलं आणि निघाली. मी शाळेच्या फाटकाबाहेर थांबले. माझ्या दहावीच्या पेपरला ती अशीच थांबली होती.

ती पास झाली. पण माझ्यासाठी खरा निकाल ईदनंतर लागला. ती एकटी स्टँडवर गेली, पाटी वाचली, अर्धं तिकीट काढलं आणि तासगावला पोहोचून फोन केला. खुशाली नंतर सांगितली. आधी म्हणाली, "इथल्या एका दुकानाच्या पाटीवर वेलांटी चुकलीय."

मी हसले, पण फोन ठेवल्यावर डोळे भरून आले. अम्मीचं वय झालं, असं आम्हीच ठरवून टाकलं होतं. तिला कुणी विचारलंच नव्हतं. तुमच्या घरातही अशी एखादी अम्मी, नानी किंवा आजी असेल. तिला काय शिकायचंय, कुठं जायचंय, हे एकदा विचारा तरी. माझ्यासारखी वीस वर्षं लावू नका.